जपानी लावा : पिल्लांचे संगोपन व नर-मादी ओळख

जपानी लावा (शास्त्रीय नाव : कॉटर्निक्स जॅपोनिका) हा अंडी व मांस यांसाठी पाळला जाणारा लहान आकाराचा पक्षी होय. पाळीव पक्ष्यांमध्ये सर्वांत लवकर वयात येणारा पक्षी म्हणून तो ओळखला जातो. अंड्यातून बाहेर आल्यापासून सहा ते सात आठवड्यांत मादी अंडी देऊ लागते. आयुष्यक्रम असा आखूड असल्यामुळे संगोपनातील चुका सुधारण्यास फारसा अवधी मिळत नाही. पिल्लांची बहुतेक मरतूक पहिल्या दोन आठवड्यांत होते, तर नर व मादी वेगळे करण्याचा निर्णय तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात घ्यावा लागतो. या दोन बाबींवर लावापालनाचे यश मुख्यत्वे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्यांची माहिती नाशिक शहरातील अंबड व लगतच्या परिसराच्या हवामानाच्या संदर्भात दिली आहे.

नावे व वर्गीकरण

लावा हा पक्षी कोंबडी, मोर व तित्तिर यांच्याच कुळातील (फॅसिअ‍ॅनिडी) आहे. मराठीत त्याला लावा, लाव्ही, लावरी अशी नावे असून बाजारात ‘बटेर’ हे हिंदी नावही रूढ आहे. संस्कृतमध्ये ‘लाव’ व ‘वर्तिका’ हे शब्द आढळतात. चरकसंहितेत लाव पक्ष्याचा समावेश विष्किर, म्हणजे पायांनी जमीन उकरून खाणाऱ्या पक्ष्यांच्या वर्गात केलेला आहे. प्राचीन ग्रंथांतील हे उल्लेख भारतातील रानलाव्यांचे असून आज पाळला जाणारा जपानी लावा ही परदेशातून आणलेली जात आहे.

भारतातील आगमन

जपानमध्ये हा पक्षी पूर्वी त्याच्या आवाजासाठी पाळला जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे अंड्यांसाठी त्याचे व्यापारी पालन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील पाळीव कळप जवळजवळ नष्ट झाले व युद्धानंतर उरलेल्या पक्ष्यांपासून पुन्हा पैदास करण्यात आली. भारतात जपानी लावा १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर (बरेली) येथे आणला गेला. तेथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे निवड पद्धतीने ‘कारी उत्तम’, ‘कारी उज्ज्वल’, ‘कारी श्वेता’ आदी वाण विकसित केले. तमिळनाडूतील पशुवैद्यक विद्यापीठानेही ‘नामक्कल’ हा वाण तयार केला.

अंबड व नाशिक परिसरातील परिस्थिती

अंबड हे नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील गाव असून तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. (जालना जिल्ह्यातील अंबड तालुका याहून वेगळा.) अशा नागरी-औद्योगिक वस्तीत मोकळी जागा मर्यादित असते. एका कोंबडीला लागणाऱ्या जागेत आठ ते दहा लावे राहू शकत असल्यामुळे लहान जागेतील पूरक व्यवसाय म्हणून या पक्ष्याकडे पाहिले जाते.

पिल्लांच्या दृष्टीने या परिसरातील हवामानाच्या दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली बाब हिवाळ्यातील थंडीची होय. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. जिल्ह्यातील निफाड येथे तर राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद वारंवार होते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला मात्र ३५ ते ३७ अंश तापमान लागते. म्हणजे हिवाळ्याच्या रात्री ब्रूडरच्या (कृत्रिम ऊब देणाऱ्या पेटीच्या) आतील व बाहेरील हवेत २५ अंशांहून अधिक फरक राखावा लागतो. दुसरी बाब दिवसाच्या लांबीची. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथे दिवसाची लांबी हिवाळ्यात सुमारे ११ तास व उन्हाळ्यात सुमारे साडेतेरा तास असते. लाव्याचे वयात येणे प्रकाशाच्या कालावधीवर अवलंबून असल्याने याचा परिणाम अंडी देण्यावर आणि नर-मादी ओळखण्यावरही होतो.

अंड्यांची उबवणी

पाळीव जपानी लाव्याची मादी सहसा खुडूक बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत ही प्रवृत्ती जवळजवळ लोप पावली आहे. त्यामुळे अंडी यंत्रात, क्वचित खुडूक कोंबडीखाली, उबवली जातात. अंड्याचे वजन सुमारे १० ग्रॅम असून कवचावर तपकिरी-काळे ठिपके असतात. उबवणीस १७ ते १८ दिवस लागतात. यंत्रातील तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखून पहिले १४ ते १५ दिवस अंडी दिवसातून अनेकदा फिरवली जातात. शेवटचे तीन दिवस ती फिरवत नाहीत व यंत्रातील आर्द्रता वाढवतात. या काळात यंत्र वारंवार उघडल्यास आतील पापुद्रा सुकतो आणि पिल्लू कवचातच अडकून मरते.

पिल्लांचे संगोपन

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन ६ ते ८ ग्रॅम असते. कोंबडीचे पिल्लू सुमारे ४० ग्रॅमचे असते, हे लक्षात घेतल्यास लाव्याच्या पिल्लाची नाजूक अवस्था ध्यानात येते. शरीर जितके लहान तितकी वजनाच्या मानाने त्वचा अधिक, आणि म्हणून उष्णतेचा ऱ्हासही अधिक वेगाने होतो. त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांना चालणारी व्यवस्था जशीच्या तशी लाव्यांना लागू पडत नाही.

ऊब. पहिल्या आठवड्यात ब्रूडरचे तापमान ३५ ते ३७ अंश ठेवून पुढे ते दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी केले जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसे भरल्यावर, बाहेरची हवा २५ अंशांच्या आसपास असल्यास, वेगळ्या उबेची गरज राहत नाही. हिवाळ्यात रात्रीची ऊब आणखी काही दिवस सुरू ठेवावी लागते.

तापमापक पिल्लांच्या उंचीवर टांगला जातो. तथापि पिल्लांचे वर्तन हे अधिक विश्वासार्ह लक्षण मानले जाते. पिल्ले दिव्याखाली एकावर एक गोळा होत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सर्व एकाच कोपऱ्यात जमली असतील तर एका बाजूने वारा लागत आहे असे समजावे. संपूर्ण जागेत विखरून खाणारी व झोपणारी पिल्ले योग्य तापमानाची खूण होत. थंडीमुळे गोळा झालेल्या पिल्लांत खालची पिल्ले गुदमरून मरतात. एका रात्रीत अनेक पिल्ले मेलेली आढळल्यास त्याचे कारण बहुधा रोग नसून हेच असते.

उबेसाठी साधे तापतंतूचे (जुन्या प्रकारचे) विजेचे दिवे किंवा खास उष्णता देणारे दिवे वापरतात. हल्ली घरोघरी असलेले एलईडी दिवे प्रकाश देतात, परंतु पुरेशी उष्णता देत नाहीत. नवीन पालकांकडून ही चूक वारंवार होते. वीज खंडित होण्याची शक्यता गृहीत धरून पेटीवर गोणपाट टाकणे, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत ठेवणे अशी पर्यायी सोय आधीच केलेली असावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायूने पिल्लांचाच नव्हे तर माणसांचाही जीव जाऊ शकतो.

पाणी. लाव्याची पिल्ले उथळ पाण्यातही बुडून मरतात. म्हणून पहिला आठवडाभर पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे ठेवून केवळ चोच बुडेल एवढीच जागा मोकळी ठेवतात. भिजलेले पिल्लू लगेच गारठते. ते कोरडे करून उबेत ठेवावे लागते. गारेगार पाणी टाळून ते कोमट केलेले असावे.

जमीन. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात व त्यांना कायमचे पंगुत्व येते. पहिले काही दिवस खडबडीत कापड किंवा पन्हळी पुठ्ठा अंथरल्यास हे टळते. त्यानंतर भाताच्या तुसाची गादी वापरता येते. पहिल्याच दिवसापासून तूस उघडे ठेवल्यास पिल्ले खाद्य समजून ते खातात.

खाद्य. पहिल्या तीन आठवड्यांच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण २४ ते २७ टक्के असावे लागते. मांसल कोंबड्यांच्या पिल्लांच्या खाद्यात ते सामान्यतः याहून कमी असते आणि त्याचे दाणेही लाव्याच्या चोचीस मोठे पडतात. म्हणून खाद्य बारीक दळून त्यात सोयाबीन पेंड वा तत्सम प्रथिनयुक्त घटक मिसळले जातात. अंड्यावर आलेल्या माद्यांना सुमारे २० ते २२ टक्के प्रथिने व कवचासाठी सुमारे ३ टक्के कॅल्शियम लागते. पाच आठवड्यांपर्यंत एक पक्षी एकूण सुमारे ५०० ग्रॅम खाद्य खातो. मका पावसाळ्यात बुरशी धरतो, आणि अशा मक्यातील विषाने पिल्ले दगावतात. त्यामुळे खाद्य कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवणे आवश्यक ठरते.

जागा व प्रकाश. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यास २०० ते २५० चौरस सेंटिमीटर जागा पुरते. घाबरलेला लावा सरळ वर उडी घेतो आणि उंच पिंजऱ्यात छताला डोके आपटून जखमी होतो. म्हणून पिंजरा सुमारे एक फुटाहून उंच करत नाहीत किंवा छताला मऊ जाळी लावतात. घूस, उंदीर, मांजर, साप व मुंग्या यांपासून संरक्षणासाठी जाळीची छिद्रे बारीक असावीत. पहिले एक-दोन आठवडे दिवसरात्र मंद प्रकाश ठेवला जातो. अंड्यावरील माद्यांना रोज १६ तास प्रकाश लागतो. नाशिकमध्ये त्यासाठी ऋतुमानानुसार सुमारे अडीच ते पाच तास कृत्रिम प्रकाशाची भर घालावी लागते. जपानी लावा कोंबडीप्रमाणे सकाळी नव्हे, तर मुख्यतः दुपारनंतर व सायंकाळी अंडी देतो.

नर-मादी ओळख

एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग गुदद्वाराच्या अंतर्भागाच्या निरीक्षणाने ओळखता येते, परंतु पिल्लू अतिशय लहान असल्याने हे काम प्रशिक्षित व्यक्तीसच जमते व पिल्लाला इजा होण्याचा धोका असतो. व्यवहारात दोन टप्प्यांत ओळख केली जाते.

पिसांवरून (सुमारे तीन आठवडे). रानटी रंगाच्या, म्हणजे तपकिरी वाणांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास छातीवर प्रौढ पिसे येतात. नराची छाती एकसारखी तांबूस-तपकिरी, ठिपक्यांविना असते. मादीची छाती फिकट मातकट असून त्यावर ठळक काळे ठिपके असतात. दुसऱ्या आठवड्यात छातीवर पिल्लाची पिसे शिल्लक असल्याने ही खूण फसवी ठरते. शंका असलेले पक्षी वेगळे ठेवून आठवडाभराने पुन्हा पाहणे श्रेयस्कर असते.

ग्रंथीवरून (पाच ते सहा आठवडे). वयात आलेल्या नराच्या गुदद्वाराच्या वरच्या कडेस लालसर, फुगीर ग्रंथी दिसते. तिच्यावर हलका दाब दिल्यास साबणाच्या फेसासारखा पांढरा स्राव बाहेर येतो. मादीत अशी ग्रंथी नसते. तिचे गुदद्वार आडव्या फटीसारखे व अंड्यावर येताना मऊ व रुंद होते. पक्षी तपासताना तो एका हाताच्या तळव्यावर उताणा धरून दुसऱ्या हाताने शेपटीकडील पिसे बाजूला करतात. पोटावर व छातीवर दाब येऊ देऊ नये. अंड्यावरील मादीच्या पोटात अंडे फुटल्यास ती दगावू शकते.

| लक्षण | नर | मादी |
|---|---|---|
| छाती | एकसारखी तांबूस-तपकिरी | मातकट, काळे ठिपके |
| गळा व गाल | तांबूस छटा | फिकट |
| वजन | कमी (सुमारे १२० ते १४० ग्रॅम) | अधिक (सुमारे १४० ते १८० ग्रॅम) |
| गुदद्वाराची ग्रंथी | फुगीर, फेसाळ स्राव | नसते |
| आवाज | मोठी, कर्कश बांग | हळू, किरकिऱ्यासारखा |

बहुतेक पाळीव पक्ष्यांत नर आकाराने मोठा असतो. जपानी लाव्यात मादी अधिक वजनदार असते, त्यामुळे केवळ आकारावरून नर निवडणारा पालक हमखास चुकतो. वरील वजने सामान्य वाणांची आहेत. मांसल वाणांत दोन्ही लिंगांचे वजन याहून बरेच अधिक असते.

ओळखीतील अपवाद. पांढऱ्या वाणांत व गडद एकरंगी वाणांत छातीच्या पिसांची खूण उपयोगी पडत नाही. तेथे ग्रंथी व आवाज याच खुणा उरतात. ग्रंथीची वाढ नरातील संप्रेरकावर आणि पर्यायाने प्रकाशाच्या कालावधीवर अवलंबून असते. दिवस लहान झाल्यावर ती आकसते. नाशिक परिसरात डिसेंबर-जानेवारीत केवळ नैसर्गिक प्रकाशात वाढलेल्या नरांत सहाव्या आठवड्यातही ग्रंथी न दिसण्याची शक्यता असते व ते मादी समजले जातात. पांढऱ्या वाणांत ही चूक विशेष संभवते. अशा वेळी दोन-तीन आठवडे १४ ते १६ तास प्रकाश देऊन पुन्हा तपासणी करावी. पिसाच्या मुळातील पेशींवरून जनुकीय चाचणीने लिंग निश्चित करता येते. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे भिन्न (झेड-डब्ल्यू) व नराची समान (झेड-झेड) असतात. ही चाचणी मुख्यतः संशोधनात वापरली जाते.

कळपातील नर-मादी प्रमाण

पिल्लांच्या एका तुकडीत नर व माद्या साधारण निम्मे निम्मे असतात. पैदाशीसाठी दोन ते तीन माद्यांमागे एक नर पुरतो, तर केवळ खाण्याच्या अंड्यांसाठी नराची गरजच नसते, कारण मादी नराविनाही अंडी देते. मात्र त्यांतून पिल्ले निघत नाहीत. शंभर पिल्ले वाढवून पन्नास माद्या राखल्यास पैदाशीकरिता सतरा नर पुरेसे होतात व सुमारे तेहतीस नर जास्तीचे ठरतात. प्रौढ पक्षी दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे जास्तीचे नर रोज जवळपास एक किलो खाद्य फस्त करतात. अल्पभांडवली पालकाचा नफा-तोटा अनेकदा एवढ्यावरच ठरतो.

खर्चापेक्षाही गंभीर प्रश्न जखमांचा आहे. नर वयात येताच एकमेकांच्या डोक्यावर व डोळ्यांवर चोची मारतात. नर जास्त असल्यास माद्यांच्या मानेवरील पिसे उपटली जाऊन कातडी सोलवटते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात नर वेगळे करून पाचव्या-सहाव्या आठवड्यात मांसासाठी विकणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. मांसासाठी ठेवलेल्या पक्ष्यांना कमी तास व मंद प्रकाश दिल्यास भांडणे कमी होतात. पैदाशीसाठी निवडलेल्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालतात. जवळच्या नात्यातील संकराचे दुष्परिणाम लाव्यात लवकर दिसतात. अंडी कमी उबतात आणि पिल्ले अशक्त निपजतात. त्यामुळे नर दुसऱ्या कळपातून आणणे हितावह असते.

रोग व जैवसुरक्षा

जपानी लावा तुलनेने काटक मानला जातो. तथापि तो रोगमुक्त नाही. आतड्याचा व्रणकारी दाह हा जिवाणूजन्य रोग व रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) गादी ओली राहिल्यास बळावतात. बर्ड फ्लूची लागण लाव्यांनाही होते. भारतातील पाळीव पक्ष्यांतील या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला आणि तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. नाशिक परिसरात मांसल कोंबड्यांचा व्यवसाय मोठा असल्याने लावे व कोंबड्या एकत्र न ठेवणे, कोंबड्यांच्या शेडमधून आल्यावर पादत्राणे बदलणे आणि अचानक मोठी मरतूक झाल्यास जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे आवश्यक असते.

रानातील लावे व कायदा

महाराष्ट्राच्या माळरानांत व शेतांत लाव्याच्या अनेक रानटी जाती आढळतात. त्यांच्या नर-मादीच्या खुणा जपानी लाव्याहून भिन्न आहेत. पावसाळी लाव्याच्या नराच्या छातीवर काळा पट्टा असतो. झुडपी लाव्यात नराच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेषा असतात, तर मादीचा खालचा भाग एकरंगी तांबूस असतो. लाव्यासारखाच दिसणारा, परंतु वेगळ्या कुळातील दुर्लाव हा तर उलट क्रमाचे उदाहरण आहे. त्याच्यात मादी मोठी व अधिक ठळक रंगाची असून अंडी उबवण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. दुर्लावाच्या पायास मागचे बोट नसते, यावरून तो लाव्यापासून वेगळा ओळखता येतो.

रानटी लाव्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. जपानी लाव्याच्या बाबतीतही २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नवीन परवाने न देण्याची सूचना केली होती. पुढे पाळीव जपानी लाव्याला या निर्बंधातून वगळण्यात आले. बाजारात ‘बटेर’ या एकाच नावाखाली दोन्ही प्रकारचे पक्षी येऊ शकतात. त्यामुळे पिल्ले किंवा अंडी मान्यताप्राप्त संस्थेकडून अथवा नोंदणीकृत उबवणी केंद्राकडून पावतीसह घेणे, हे पालकाच्या व रानातील लाव्याच्या दोघांच्याही हिताचे ठरते.